जास्वंदीचं पाणी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. नवरात्र उलटून गेलेलं, शेतात भात पिवळं पडलेलं, आणि ऊन असं की खाडीचं पाणीसुद्धा जागच्या जागी निजलेलं. गोरखचिंचेचं एक पान हलत नव्हतं.

"पण बाबा, केसांवर चालेल असा तावीज असतो की नाही, तेवढं सांगा," जैनू विचारत होता.

याकूतबाबा एका हातानं माश्या वारत राहिला.

मी झाडाच्या बुंध्याला टेकून सुंभ वळत होतो. माझी ती रोजची जागा. बाबाची झोपडी त्याच झाडाखाली, आणि मधे निवडुंगाचं कुंपण सोडलं की पलीकडं जैनूचं घर. जैनू, म्हणजे जैनुद्दीन पेवेकर, होड्यांच्या फळ्या ठोकायचं, डांबर लावायचं काम करतो. हात कसबी. पोरसवदा होता तेव्हापासून बाबाचा चेला. चिराग तोच लावायचा, झाडलोट तोच करायचा, आणि दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, बाबाचे केस तोच धुवायचा. ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. त्याचा त्याला मोठा अभिमान.

बाबा सिद्दी. त्याचे वाडवडील कधी काळी समुद्रापलीकडून आले, हबशांच्या मुलखातून. हे गोरखचिंचेचं झाडही तिकडूनच आलं म्हणतात. मला काय ठाऊक. मी आलो तेव्हा दोघंही इथंच होते.

जैनूची बायको जमिला, तीही सिद्दीच होती. वरच्या मोहल्ल्यातली. तापानं गेली बिचारी. मागं ही एक पोर ठेवून गेली, कुलसुम. रंग बापाचा, केस आईचे.

जैनूनं तिला मनगटाला धरून आणलं होतं. डोक्यावर ओढणी घट्ट आवळलेली. एवढ्या उकाड्यात.

"तावीज असतो की," बाबा म्हणाला. "पण तो बांधायचा कुठं? केसांना की तुझ्या कंगव्याला?"

बाबा असाच तिरका बोलायचा.

"चेष्टा नको बाबा. शाळेत गॅदरिंग आहे. सगळ्या मुलींना दोन वेण्या, लाल रिबिनी. बाई म्हणाल्या, हिचं काहीतरी करा, नाहीतर मागच्या रांगेत उभी करते."

"आणि मुली काय म्हणतात?"

जैनूनं मान खाली घातली.

पोरच बोलली. "काथ्या म्हणतात."

माझ्या हातातला काथ्या मी मांडीखाली सारला.

"भांडी घासायचा काथ्या," पोर म्हणाली. मला नीट कळावं म्हणून सांगितलं तिनं.

"उद्या न्हाव्याकडं नेतो," जैनू म्हणाला. "वस्तरा फिरवला की केस सरळ येतात, सगळे सांगतात. याआधी दोनदा फिरवला. पण तो न्हावी वरवरचं काम करतो, बाबा. या वेळी मी स्वतः उभा राहून मुळापासून काढून घेणार. फक्त तुमची दुवा पाहिजे. आणि जमलं तर तावीज."

पोरीनं ओढणी दोन्ही हातांनी धरली.

"नको अब्बा. मग मला टकली म्हणतात."

"टकली चार दिवस म्हणतील. काथ्या जन्मभर म्हणतील."

बाबानं तिच्याकडं पाहिलं. मग जैनूकडं.

"रोज कोण विंचरतं हिला?"

"मीच," जैनू ताठ झाला. "आई नाही, म्हणून एक दिवस चुकवला नाही मी. कामाला जायच्या आधी बसतो. खांदे भरून येतात, पण सोडत नाही. आणि एक सांगतो बाबा, ही रडत नाही. पहिल्यांदा रडायची. मी सबुरी शिकवली हिला. तुमच्याकडून शिकलो, तीच."

"विंचर," बाबा म्हणाला.

"इथं?"

"इथं. मला बघू दे सबुरी."

जैनूनं खिशातून कंगवा काढला. पुरुषांचा असतो तसला, बारीक दातांचा. मधले दात गेलेले. पोरीनं न सांगता ओढणी काढली, त्याच्याकडं पाठ करून बसली, आणि फ्रॉकची कड उचलून दातांत धरली.

हे कुणी शिकवलं होतं तिला, कोण जाणे.

जैनूनं कंगवा टाळूवर रोवला आणि खाली ओढला.

कडकड आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. मला वाटलं कंगवा मोडला. कंगवा नव्हता मोडला.

पोर समोर बघत होती. एक मुंगळा मातीतून चालला होता, त्याच्याकडं. डोळ्यांत पाणी भरलं, पण खाली पडू दिलं नाही.

"बघा," जैनू म्हणाला. "आवाज नाही."

बाबा बघत होता.

"हिच्या आईचे केस कसे होते, जैनू?"

"असेच. म्हणजे... असतील."

"असतील?"

"तिच्या डोक्यावर पदर असायचा."

"घरात?"

"घरातसुद्धा."

"मग विंचरायची कधी?"

"पहाटे. मी उठायच्या आत."

"कशानं?"

जैनूचा हात थांबला.

"...माहीत नाही."

"एवढा संसार केलास."

"बायकांच्या गोष्टी बाबा. आपण कुठं बघतो?"

"पहिल्या दिवशीसुद्धा नाही बघितलेस?"

जैनू उगाच हसला.

"बघितले. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी. पदर घसरला होता तिचा. मी गंमत केली. म्हणालो, अगं, हे डोकं की सुगरणीचं घरटं? सगळे हसले. माझी आई, बहिणी. तीही हसली की."

"मग?"

"मग काही नाही. ... मग पदर. शेवटपर्यंत."

मुंगळा माझ्या पायापाशी आला आणि वळून गेला.

बाबा उठला. "चल. ऊन चढतंय. आज जुम्मेरात आहे ना? माझं काम कर आधी."

जैनूला बरं वाटलं. त्याला येत होतं ते काम निघालं. कंगवा खिशात टाकला, बाही वर केली. आमच्या परड्यातल्या जास्वंदीची पानं त्यानं सकाळीच आणून ठेवली होती. घमेल्यात पाणी घेऊन ती कुस्करायला लागला. कुस्करता कुस्करता पाणी दाटलं, हिरवं झालं, बोटांतून बुळबुळीत तार सुटायला लागली.

बाबा नेहमीच्या दगडावर बसला आणि डोक्याचं फडकं सोडलं.

बाबाचे केस सांगण्यासारखे. पांढरे, दाट, आणि इतके कुरळे की पावसाच्या थेंबाला आत शिरताना वाट विचारावी लागावी. लोक त्याला बाबाची करामत म्हणायचे. लांबलांबून येऊन केसांना हात लावायचे आणि तो हात डोळ्यांना. धुतलेलं पाणी बाटलीत भरून न्यायचे. पोराला ताप आला, म्हशीनं दूध चोरलं, की हे पाणी.

त्या दिवशीही खैरूनबी बाटली घेऊन आलीच. तिची मुलगी कुलसुमच्याच वर्गात.

"जरा लवकर आटपा जैनूभाई," ती म्हणाली. "पोरीला परीक्षेआधी पाजायचंय. डोकं चालत नाही मेलीचं."

"जीभ तर बरी चालते तिची," मी म्हणालो.

"तुम्हाला काय करायचंय धाकूकाका, तुम्ही आपला दोर वळा."

जैनू बाबाच्या मागं बसला. ओंजळीनं पाणी घालायला लागला. घाई नाही. सगळे केस भिजेपर्यंत घालत राहिला. मग एक बट हातात घेतली, मुळापाशी मुठीत धरून ठेवली, म्हणजे टाळूला ओढ बसू नये, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी शेवटापासून सोडवायला लागला. टोक सुटलं की जरा वर. ते सुटलं की आणखी वर. बोट अडलं की पुन्हा पाणी. बाबाचे डोळे मिटले.

मी कैक वेळा बघितलं होतं ते. पण त्या दिवशी पोरीकडं बघत बघितलं.

कुलसुम जवळ सरकली. अगदी बापाच्या कोपरापाशी.

"अब्बा, बाबांना कंगवा नाही लावत?"

"बाबांच्या केसांना कंगवा लावायचा नसतो."

"का?"

"अदब असते, बेटा. बुजुर्गांच्या केसांना ओढ द्यायची नसते. आधीच्या चेल्यानं मला शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. एक केस तुटला तरी गुन्हा."

पोरीनं बाबाच्या एका ओल्या बटेला बोट लावलं. बट ताणली गेली आणि सुटल्यावर पुन्हा वर जाऊन वेटोळं करून बसली. मग तिनं आपल्या डोक्यावरची एक बट ओढून बघितली. तीही तशीच वर गेली.

"मग माझ्या?" ती म्हणाली.

जैनूची बोटं केसांत होती. तिथंच राहिली.

घमेल्यात पान तरंगत होतं, ते फिरलं आणि कडेला लागलं.

"बाबा..." जैनू म्हणाला.

"हं."

"हे केस..."

"हं."

"हे तर तेच..."

बाबानं डोळे उघडले नाहीत.

"जमिला त्या कुंपणापाशी उभी राहायची," तो म्हणाला.

"कोण?"

"तुझी बायको. दर जुम्मेरातीला. तू माझे केस धुवायचास तेव्हा."

जैनूनं कुंपणाकडं बघितलं. मीही बघितलं. निवडुंग होता, आणखी काय असणार?

"मला वाटायचं, तुमचं दर्शन घेते."

"माझं नाही बघायची ती. तुझे हात बघायची."

जैनूच्या बोटांवरून पाणी ठिबकत राहिलं. मग त्याचा आवाज फुटला, आणि त्यात राग होता.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्ही गुरू माझे! एक शब्द सांगितला असतात!"

"मला बरं वाटत होतं, जैनू," बाबा म्हणाला. "तुझा हात हलका आहे. तो वाटून द्यावासा नाही वाटला."

असं बोलताना बाबाला मी कधी ऐकलं नव्हतं. त्याचे खांदे एकदम म्हातारे दिसले. माझ्याएवढे.

मग तो उठला. अर्धे केस सोडवलेले, अर्धे तसेच, पाठीवरून हिरवं पाणी ओघळतंय. त्यानं कुलसुमला खांद्याला धरलं आणि आपल्या दगडावर बसवलं.

"सुरू ठेव," जैनूला म्हणाला.

"अगं बाई!" खैरूनबी म्हणाली. "आणि पाणी?"

"पाणी आहे की घमेल्यात."

"त्यात आता हिचे केस धुणार?"

"हिचेच धुणार."

खैरूनबीनं बाटलीचं बूच लावलं. रिकामी बाटली पदराखाली घेतली.

"काथ्याचं पाणी कोण पाजतं पोरीला," असं काहीसं बोलत ती गेली. हळू बोलली. पण वारा नव्हता, सगळ्यांना ऐकू आलं.

कुलसुम दगडावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. बाप मागं आला, तशी तिनं फ्रॉकची कड उचलली आणि दातांत धरली. दोन्ही मुठी आवळल्या.

"नाही बेटा," जैनू म्हणाला. "आज कंगवा नाही. बघ, हात रिकामे आहेत."

त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले. पोरीनं बघितले. कड सोडली, पण बोलण्यापुरतीच.

"अब्बा, उद्या न्हाव्याकडंच जाऊ या ना."

"नको. नाही जायचं आता. वस्तरा नाही लावू द्यायचा मी कुणाला."

"वस्तराच बरा," ती म्हणाली. "वस्तरा दुखत नाही. टकली म्हणू देत."

आणि कड पुन्हा दातांत धरली.

जैनू माझ्याकडं बघायला लागला. माझ्याकडं बघून काय उपयोग? मी दोर वळणारा माणूस. मी खाली बघितलं.

त्यानं ओंजळ भरली. सावकाश पाणी सोडलं. पाणी मानेवर आलं तेव्हा पोर दचकली, मग स्थिर झाली. त्यानं बट घेतली, मुळापाशी धरली, टोकापासून सुरू केलं. बाबाचे केस धुताना जपायचा तितकंच जपून. नाही, जास्तच. त्याच्या कपाळावर घाम येत होता आणि तो नाकावरून पोरीच्या पाठीवर पडत होता.

गाठ आली की थांबायचा. पाणी घालायचा. बोटं फिरवायचा.

ऊन झाडाच्या या बाजूनं त्या बाजूला गेलं. बाबाचे केस अर्धे सोडवलेले तसेच वाळून गेले. त्याचं त्यानं काही म्हटलं नाही. मी दोराला हात लावला नाही.

सगळे केस मोकळे झाले. जैनूनं खोबरेल तळहातावर चोळून लावलं. डोकं केवढं मोठं झालं पोरीचं, आणि केवढं छान. चकाकत होतं. तिची आई अशीच दिसत असेल का, असं माझ्या मनात आलं. आम्ही कुणी बघितलं होतं?

"झालं," जैनू म्हणाला. "दुखलं?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"मग सोड आता दातांतली कड."

तिनं सोडली नाही. म्हणजे सोडायची नव्हती असं नाही. आपण ती धरलीय हेच तिला कळत नव्हतं. जैनूनं हात लावून हळूच कड ओढली, तेव्हा दातांतून सुटली. फ्रॉकच्या त्या कडेला बारीक भोकं पडली होती. नवी, जुनी, खूप.

जैनू ती भोकं बघत राहिला.

"जा, घरी जाऊन आरशात बघ," तो म्हणाला.

पोर उठली. मघाशी काढलेली ओढणी घेतली, ओल्या केसांवरून घट्ट आवळली, हनुवटीखाली गाठ मारली, आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली.

जैनू उठून धक्क्याकडं गेला. खिशातला कंगवा काढून खाडीत भिरकावला. पाणी निजलेलं. कंगवा लांब गेलाच नाही, तिथंच तरंगत राहिला. थोडा वेळ तो त्याच्याकडं बघत उभा राहिला, मग परत आला आणि बाबासमोर उकिडवा बसला. पाय धरले नाहीत. रोज धरायचा.

"बाबा, आज एक केस तुटला नाही."

"बघितलं मी."

"तरी तिनं दात सोडले नाहीत."

"तेही बघितलं."

"आता रोज असंच करीन. आधी तिचे, मग तुमचे. तुमचे राहिले तरी चालतील."

"चालतील."

"पण किती दिवस लागतील, बाबा?"

"कशाला?"

"तिला... माझा हात आला की दात न आवळायला."

बाबानं डोक्याचं फडकं उचललं. ते झटकलं, पण बांधलं नाही, मांडीवर ठेवलं. कुंपणाकडं बघत राहिला. तो जैनूचा गुरू नंतर झाला, शेजारी तो आधीपासूनचा. त्या घरातून पहाटे विंचरताना, आधी आईच्या आणि मग लेकीच्या, काय काय ऐकू यायचं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"सांगा ना बाबा. किती दिवस?"

"तिच्या आईला विचार," शेजारी म्हणाला.